दर आठ बोटांवर

कातरणावरून गोल सुरी फिरवली
आणि एक दोरा सुटला.
आठ बोटांवर पुन्हा एक.
मग पुन्हा.
कापड दोन झालं खरं,
पण वाटण्या होऊनही
भिंतीवरून पीठ मागणाऱ्या जावांसारखं
एकमेकांना धरून राहिलं.

मी जोर लावला.
चूक तिथंच झाली.
कापड तसंच, चटईला मात्र चीर.

विडी घरकुलात आमच्या दोन खोल्या.
युनिफॉर्मच्या कारखान्यातून किलोवर येतं कातरण:
खाकी, आकाशी, तांबड्या चौकड्यांचं,
कुठल्या पोराच्या खिशाला कमी पडलेलं, कुठल्या कॉलरला जास्त झालेलं.
त्याच्या मी गोधड्या शिवते.
ही सुरी सुरतेच्या भाचीची, पद्मजाची.
पिवळा दांडा, पुढं चाक.
पातं एकच दिलं तिनं. दुसरं घ्यायचं
तर हजार विड्यांची मजुरी.

शनिवारी दस्तगीर शिकलगार आला,
सायकलवर सहाण, कानाला अर्धी विडी.
विळ्या, अडकित्ते, पानं कापायच्या कात्र्या
गल्लीभर त्याच्यापुढं मांडलेल्या.
मी पातं हातावर ठेवलं.
त्यानं उलटं केलं, सुलटं केलं.
"कोयत्याला पाठ असते ताई, पोट असतं.
हे तर नुसतं तोंडच की!"

मग सुईत अडकवून उन्हात धरलं,
सोलापूरचं ऊन, त्यात काही लपत नाही.
बोटानं हळूहळू फिरवलं.
एका जागी चमकलं.
"हे बघा. बोथट धार चमकते.
खरी धार दिसतच नाही.
टाचणीवरून गेलात तुम्ही."

गेले होते.
आकाशी खिशातली टाचणी,
काढू काढू म्हणून राहिलेली.

सहाणेचं चाक त्यानं फिरवलंच नाही.
"तापलं तर पाणी उतरेल पोलादाचं."
पिशवीतून साबणाच्या वडीएवढा दगड काढला,
ओला केला, पातं जवळजवळ आडवं टेकवलं
आणि झोपलेल्याच्या पाठीवरून हात फिरवावा
तसं फिरवत राहिला. एक बाजू. दुसरी बाजू.
शेवटी कमरेच्या पट्ट्यावर चार वेळा.
"खड्डा गेला नाही. बारीक झालाय.
याच्या पुढं घासलं तर पातंच संपेल."
दहा रुपये घेतले. चहा नको म्हणाला,
आणि मग घेतला.

तेव्हापासून रात्री
स्क्रू सोडवते, उतरल्या क्रमानं
वॉशर, पातं, नट ताटलीत मांडते.
आत पिठासारखा करडा भुसा साठलेला असतो,
तो फडक्यानं पुसते.
शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. एकच,
दुसरा पडला की कापडावर उमटतो.
कागदाचे साचे आता या सुरीनं कापत नाही.
नातू विचारतो, हिला झोपवतेस का रोज?

धार अंगठ्यावर बघायची सवय अम्माची.
माझीही होती.
पण सातव्या वर्षापासून तेंदूची पानं कापून
माझ्या अंगठ्याला एवढा घट्टा पडलाय
की त्याला सगळंच धारदार वाटतं,
किंवा काहीच नाही.
म्हणून आता कानानं ओळखते.
चांगलं पातं बोलत नाही,
कापडच उसासा टाकतं.
कर्र वाजलं की थांबायचं,
जोर लावायचा नाही,
टाचणी शोधायची.

तरी दर आठ बोटांवर तो दोरा आहेच.
खिळ्यावरून अम्माची कात्री काढते,
झिजून सुरीएवढी राहिलेली,
तेंदूचा तपकिरी अजून सांध्यात,
आणि तेवढा एक दोरा तोडते.
हिचं काम संपलं म्हणून
मीच टांगली होती तिला.

कधी एखादा नजरेतून निसटतो.
तसाच शिवून टाकते आत.
पांघरणाऱ्याला कळत नाही.