चिखलाचे किती सेकंद

सप्टेंबर लागला की स्वयंपाकघरातल्या टेबलावर
मी देश पसरतो.
पिवळे कागद, तीन पेन्सिली, खोडरबर
आणि शाळाशाळांतून आलेल्या वेळा.
पाच किलोमीटर, मुलगे. पाच किलोमीटर, मुली.
लॉरेन विचारते, जेवायचं कुठे?
मी यूटाह थोडं सरकवतो, तिची बशी मावते.

तीस वर्षं काउंटीच्या रस्त्यांवर
बर्फ ढकलायची गाडी चालवली मी.
कुठला चढ किती मीठ खातो ते पाठ आहे.
पण कुठला चढ पोरांचा किती श्वास खातो
याचं कोष्टक कुणी छापलेलं नाही,
म्हणून घरीच केलंय.
उंच पठारावरच्या शाळा: वीस सेकंद वजा.
आग्नेयेचा उकाडा, जिथे सकाळी सातलाच
गवतातून वाफ निघते: बारा वजा.
इलिनॉय, चेंडू ठेवला तर जागचा हलायचा नाही: काही नाही.
आणि आमच्या ईशान्येचा चिखल...
त्याला किती द्यायचे यावर
दर वर्षी माझं माझ्याशीच वाजतं.
आपला तो बाब्या, हे गणितात चालत नाही;
पण पेन्सिलीला कोण सांगणार?
यंदा अठरा दिले.

ॲरिझोनाहून लीलंड बिट्सुईचा फोन येतो.
तो मुलींना शिकवतो, सहा हजार फुटांवर.
मी एकदा विचारलं होतं,
तुमच्या पोरी शाळेत पळतच येतात ना, मैलोन्‌मैल?
तो इतका हसला की मला रिसीव्हर लांब धरावा लागला.
"बसने येतात. बसमध्ये झोपतात.
साडेपाचला उठतात, एवढंच काय ते.
आणि तुझ्या कोष्टकात वारा कुठाय, वॉल्टर?"
वारा नव्हता.

नोव्हेंबरात सगळे प्रदेश एका मैदानावर आले,
इंडियानात, दोन दिवसांच्या पावसानंतर.
माझ्या कागदावर आमच्या मुली
बिट्सुईच्या मुलींना अकरा गुणांनी हरवत होत्या.
ही बेरीज उलटी असते, क्रमांकांची: कमी ते चांगलं.
पहिल्या चौघी वर्तमानपत्रात येतात,
पाचवी फक्त बेरजेत.

आमची पाचवी मेव्ह किंझेलमन.
चौथ्या किलोमीटरच्या वळणावर
तिचा डावा बूट चिखलात राहिला
आणि ती पुढे गेली.
चिखल! ज्याचे अठरा सेकंद मी तिच्या नावावर जमा केले होते,
ज्यात ती लहानपणापासून लोळली, असं मी धरून चाललो होतो.
एका पायात मोजा, मोज्याचा होत गेलेला गोळा,
आणि मागून एकेक करून
टेक्सास, ओरेगॉन, पुन्हा टेक्सास,
मग पठाराची पाचवी, रायना,
जिनं म्हणे असलं मैदान जन्मात पाहिलं नव्हतं.

दोन गुणांनी गेलो.
कुंपणापाशी उभा राहून मी खिशातल्या कागदाला हात लावला.
तो भिजला होता.

तंबू उतरवत होते तेव्हा
वळणावर दोघी वाकलेल्या दिसल्या.
रायनाच्या हातात कोपऱ्याच्या झेंड्याची काठी,
मेव्ह तशीच, एका बुटात.
काठीनं टोचत, हात घालत शोधत होत्या.
मेव्ह म्हणाली, "घरी आम्ही ट्रॅकवरच पळतो गं,
तो चिखल मुलांच्या शर्यतीला असतो."
हे मला तेव्हा कळलं. सतरा वर्षांनी.
सापडला. रायनानं तो उलटा धरला
आणि त्यातून इंडियाना बराच वेळ गळत राहिलं.
बिट्सुई शेजारी येऊन उभा राहिला.
कोष्टकाबद्दल काही बोलला नाही,
थर्मासमधली कॉफी तेवढी दिली, गोडमिट्ट.

घरी आलो. लॉरेननं टेबल पुसून ठेवलं होतं.
मी चिखलापुढचे अठरा खोडले.
खाली "वारा" लिहिलं,
त्याच्यापुढे टिंब, टिंब, टिंब.
पाच सेकंद? आठ?
कुठून वाहतो, हेही विचारायला हवं होतं.
रात्रीचे दहा वाजलेत.
तिकडे आठ.
अजून जागा असेल तो.