शाईनं लिही

कुओपिओ. बाहेर उणे अठरा, आत चौघं नि एक टेबल.
वीस बाजूंचा फासा एकावर थांबला,
आणि तुइरेच्या धनुर्धारिणीचा उजवा हात
दगडी लांडग्यानं कोपरापासून नेला.

खेळ चालवणारा वेइक्को वही मिटून म्हणाला,
"नियमात हात जातो.
पण वर्षभर तिला जगायचंय तूच. चालेल?
नाहीतर ओरखडा म्हणू."

ती गप्प.
मग 'नेम : सतरा' खोडत राहिली,
कागद फाटेपर्यंत.

"जाऊ दे हात.
फक्त दर लढाईत आठवण नको,
आणि दयेचे गुण तर मुळीच नकोत.
प्रत्यंचा ओढायला दात आहेत."

वेइक्कोनं फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावली.
तिच्यावर पेन्सिल उमटेना.
"शाईनं लिही."

तिनं सामानाच्या यादीत, दोरखंड आणि कंदिलाखाली,
लिहिलं : दात.