मीठ आणि सॉस

सकाळी सातला उदगिरात माझी कढई तापते
तेव्हा शिवकन्येच्या तिकडं रात्रीचा दीड.
दुकानाचं शटर ओढून, केसांत तेलाचा वास घेऊन
ती फोन करते.
फोन मी मुरमुऱ्याच्या पोत्याला टेकवून उभा करतो,
तोंड कढईकडं, कान तिच्याकडं.

"तळणं आपल्या घराण्यातच आहे बाबा," म्हणते,
"मी फक्त मासे तळते."
हे तिच्या आईला माहीत नाही.
महादेवीला आम्ही सांगितलंय : बटाटे.
खोटं नाही. बटाटेही असतातच.

आधी दोन वर्षं एडिंबरात होती.
तिथं 'सपर' म्हणलं की माशासोबत बटाटे आलेच,
वेगळं मागावं लागत नाही,
आपल्याकडं खिचडी म्हणलं की कढी, तसं.
वरून मीठ आणि सॉस,
तपकिरी, पातळ, आंबूस,
नैवेद्याभोवती पाणी फिरवावं तसा फिरवलेला.
तासाभरावर ग्लासगो, तिथं मात्र सॉस नको, व्हिनेगर,
आणि त्यावरून माणसं भांडतात,
खरंच भांडतात.
मी म्हणलं, आपलं लातूर-नांदेड की गं.

मग नोकरी हलली, इंग्लंडात, लीड्सला.
पहिल्या रात्री कामावर नव्हती, गिऱ्हाईक होती,
भुकेली.
सवयीनं म्हणाली, मीठ आणि सॉस.
काउंटरवरच्या पोरीनं विचारलं, कसला सॉस?
टोमॅटोचा? करीचा?
वाटाण्याचा हिरवा लगदा दाखवला, ग्रेव्ही दाखवली.
हिनं पैसे पुढं केले तर नोट स्कॉटलंडची.
पोरीनं ती उजेडात धरली,
उलटी केली,
आतून मालकाला बोलावलं.
नोट खरी होती. राज्यही म्हणे एकच.

"तेव्हा घरची आठवण आली बाबा."
मी म्हणलं, उदगीरची?
ती गप्प.
मग हळू, चोरी कबूल करावी तसं :
"नाही. एडिंबराची."

माझा झारा हातातच राहिला.
एक घाणा करपला.

भोसरीला मी सहा महिने होतो, चौऱ्याण्णव साली.
पाळी सुटल्यावर हॉटेलात शिरून विचारलं,
सुशीला आहे का?
पोऱ्या म्हणाला, ह्या नावाचं इथं कुणी कामाला नाही.
सगळी बाकडी हसली.
मुरमुरे भिजवून, डाळव्याचं कूट घालून, वरून शेंगदाणे...
एवढं सांगायला तोंडच उघडेना.
म्हणलं, बरं, भजे द्या.
"भजी," मालक म्हणाला.
नोटा मोजत होता, मानही वर केली नाही.
भजी खाल्ली.
चांगली होती.
तेच जास्त लागलं.

हे शिवकन्येला कधी सांगितलं नव्हतं.
आज सांगितलं तर खो खो हसली,
दीड वाजता, परक्या रस्त्यावर, एकटी.

तेवढ्यात पुण्याच्या गाडीतून एक जण उतरला,
पाठीला बॅग, कानात तार,
"एक प्लेट भजी, पार्सल."
जिभेच्या टोकावर आलं होतं.
बोललो नाही.
कागदात भजेच बांधले,
कोपऱ्यात दोन तळलेल्या मिरच्या, न मागता.

"आणि बाबा, ऐकूलालाव का?
तुम्ही पाठवलेलं कूट संपलं.
एडिंबरातून सॉसची बाटली मागवलीय मी,
परवा सुशीलावर घालून पाहिला."
मग?
"चांगला लागतो."

महादेवी मागं कांदे चिरत होती.
विचारलं तिनं, काय म्हणूलालीय?
मी म्हणलं, थंडी लई आहे तिकडं.

आता दोन गोष्टी झाल्या
तिला न सांगायच्या :
मासे,
आणि हा सॉस.
मासे एक वेळ चालतील.