नांगर, सांगड

गुळाच्या वखारीवरचा माळा भाड्यानं घेऊन
दस्तगीर मोमीन मला म्हणाला,
'पेंटर, पाटी रंगव. दर्यावर्दी संग्रहालय.'
मी विचारलं, कुठल्या गावाला लावायची?
'हितंच की. शाहूपुरीत.'

अक्षराला वीस रुपये ठरले, काना-वेलांटी फुकट.
फ्लेक्स आल्यापासून ब्रशला कुणी विचारत नव्हतं,
म्हणून समुद्राचंही काम घेतलं.
समुद्र मी पाहिलेला नाही.
गगनबावड्यापर्यंत गेलोय एकदा,
तिथून धुकं दिसलं.

एकतीस वर्षं हा माणूस जहाजाच्या पोटात तेलवाला.
येताना काय आणलं, तर काच तडकलेलं होकायंत्र,
शिडं शिवायचं दाभण,
पाण्याचा तळ चाचपायचं शिसं,
आणि एक नारिंगी कडं,
ज्यावरचं बोटीचं नाव अर्धं पुसलंय.
ते उजळून देतो म्हटलं, तर हात आडवा घातला.

पहिल्या आठवड्यात माणसं जिना चढली
ती बहुतेक गुळाचा भाव विचारायला.
कागलचा एक शेतकरी माझ्या ताज्या पाटीपुढं थांबला.
'नांगर? ह्यो कसला नांगर? फाळ कुठाय?'
दस्तगीर म्हणाला, 'तुमचा चालवायचा, दाजी.
ह्यो थांबवायचा.'
दाजी त्या लोखंडाभोवती दोनदा फिरला,
वजन किती भरंल ते विचारलं, आणि खाली जाऊन
गाडीतल्या बायकोला वर घेऊन आला.

मी हाच शब्द किती ट्रॉल्यांवर रंगवला होता.
नांगर भाड्याने मिळेल.
त्या रात्री झोप लागेना.
एकाच शब्दात जाणं आणि न जाणं,
आणि मी दोन्हीचे पैसे सारखेच घेतलेले.

मग कुरुंदवाडहून लगमव्वा अंबी आली.
बरोबर नातू सिद्राम, टेम्पोत गुळाची काहील,
आणि सुतळीनं आवळलेले सहा वाळके भोपळे.
'तुमी पाण्याचं सामान ठेवताय म्हनं.'
महापुराच्या साली ह्याच काहिलीतनं
तिनं अडलेली बाळंतीण पल्याड नेली होती.
काहिलीच्या काठाला अजून पाकाची काळी कड.
भोपळ्यांची ती सांगड सासऱ्याच्या हातची.
सांगड घालणं म्हणजे जुळवून आणणं,
एवढंच मला शाळेनं शिकवलेलं.
त्यावर बसून नदी ओलांडतात, हे कुणी सांगितलं नव्हतं.

सुतळीची गाठ दस्तगीरनं उचलून पाहिली.
'हीच मारायचो आमी,' म्हणाला,
'एडनला. रोटरडॅमला.'
म्हातारी म्हणाली, 'मग दुसरी कुटली मारनार?'

भिंतीवर नकाशा होता. ती त्याच्याशी जाऊन उभी राहिली.
'ह्यात आमचं पानी कुटलं?'
त्यानं पंचगंगा दाखवली, केसाएवढी.
ही नदीही अशी, की घाट उतरला की समुद्र हाताशी,
तर जवळचं स्थळ नाकारून
पाठ फिरवते, पूर्वेला निघते,
कृष्णेच्या हाताला धरून पार आंध्रात.
दस्तगीरचं बोट सरकत सरकत
उजवीकडच्या निळ्यावर थांबलं.

'म्हंजे हितलं सारं थितं जातंय?'
'जातंय.'
'वाहून गेलेलं बी?'
तो गप्प राहिला. मी ब्रश रॉकेलात बुडवून ठेवला.
तिनं त्याचं बोट बाजूला केलं,
आपलं ठेवलं त्या निळ्यावर,
नखात मिश्रीची रेघ असलेलं.
'मग आमचा मालक हितं आसंल,' म्हणाली.
सिद्राम खाली टेम्पोचं भाडं चुकवत होता.

दस्तगीरनं नारिंगी कडं खुंटीवरून काढलं,
फडक्यानं पुसलं, परत लावलं.
कुणाचं, ते आम्ही दोघांनी विचारलं नाही.

काहिलीला पाटी केली. सांगडीलाही.
नकाशाशेजारी काय लिहायचं विचारलं,
तर म्हणाला, 'काय न्हाई लिवायचं. पर पाटी लाव.'
दोन हात पांढरा दिलाय.
अक्षरं शून्य.
पत्रा माझ्याकडचाच होता.