दिवाबंदी

मात्सूला यायचं तर एप्रिलात या, अमावास्येच्या आसपास.
दिवसा हेच पाणी नासलेल्या टोमॅटोच्या सारासारखं दिसतं,
तेव्हा किनाऱ्यावर फिरू नका, हिरमोड होईल.
पावणेआठला मी बोगद्याच्या तोंडाशी असते.
जॅकेटचे पट्टे आवळा, मोबाइल खिशात घाला.
आत अंधार हवा.

बोगदा सैनिकांनी खणला, ग्रॅनाइट फोडून,
युद्धाच्या होड्या लपवायला.
मी त्यात पर्यटक लपवते, एका खेपेला चौदा,
आणि मधोमध गेल्यावर वल्ह्याची चपटी बाजू
पाण्यावर आपटते.
निळं फुटतं.
सगळे एकदम ‘आ’ करतात.
रोज तोच ‘आ’. मला अजून कंटाळा आलेला नाही,
खोटं कशाला सांगू.

माझ्या लहानपणी बेटावर दिवाबंदी होती.
खिडकीला काळं कापड, बल्बला पत्र्याची टोपी,
काडी ओढली तरी गस्तवाला दार ठोठावायचा.
शाळेतले बास्केटबॉल कुलपात, नंबर टाकलेले,
न जाणो, कुणी त्यावर तरंगत पलीकडे जाईल.
पलीकडे म्हणजे तो काय, समोरचा डोंगर.
हुकूम सगळ्यांनी पाळला.
समुद्राला मात्र कुणी कळवलं नव्हतं.

बाबा कधी त्याला सुंदर म्हणाले नाहीत.
होडीच्या फळीवर टाच आपटायची आणि खाली बघायचं:
बारीक ठिणग्या उडाल्या तर मांदेली,
जाड पट्टा सरकला तर घोळ.
‘मासा वळतो,’ म्हणायचे, ‘त्याची रेघ वाकडी.
सरळ रेघ माणसाची.
सरळ दिसली की जाळं ओढ, आणि तोंड मीट.’

पुढे कीलुंगहून यून-शी आली,
शाळेच्या मागच्या खोलीत सूक्ष्मदर्शक मांडून
दोन उन्हाळे बसली.
मला म्हणाली, बघा तुमचा पोटाचा धंदा.
शिजलेला साबुदाणा! वर एक शेपूट.
डोळा नाही, तोंडाच्या जागी एक भेग,
स्वतःचा उजेड त्याला कधी दिसायचा नाही.
मग पेटतो कशाला?
नक्की माहीत नाही, ती म्हणाली, पण अंदाज असा:
कुणी खायला आलं की हा लखकन पेटतो,
म्हणजे खाणारा उघडा पडतो
त्याला खाणाऱ्यापुढे.
चोर आला, चोर आला!
आणि एवढं ओरडून बहुतेकदा
हा गिळलाच जातो.

मी हे आता प्रत्येक खेपेला सांगते.
लोक हसतात, कुणी ‘बिचारा’ म्हणतं.

परवा शेवटच्या फळीवर एक म्हातारे होते, चांगह्वाचे,
युवान-फू का काहीतरी, यादीत पुसट आलं होतं.
त्यांनी ‘आ’ केलं नाही.
लोक उतरले तरी बसून राहिले.
म्हणाले, आमचंही कामच ते.
काय?
चोर आला म्हणायचं.
एकोणीस वर्षांचा होतो, तुमच्या दक्षिणेच्या खडकावर,
रात्री एक ते तीन.
पाण्यातून चकाकत येईल त्यावर गोळी, असा हुकूम.
आलं एकदा.
सकाळी वाळूवर काही नव्हतं.
सार्जंट म्हणाला, माशांचा थवा असेल.
मीही तेच म्हणतो. बायकोलाही तेच सांगितलं.

बोगद्यात थेंब पडत होते, पडेल तिथे टिकली उमटत होती.
बाबांची ती गोष्ट माझ्या जिभेवर आली होती.
वाकडी होती का हो?
एवढं विचारायचं, चार शब्द.

त्यांनी बोट पाण्यात बुडवलं
आणि काढायला लागले, सावकाश, स्वतःपाशीच,
ती कशी आली होती ते.

मी वल्हं उचललं,
पाठ फिरवली, आणि दोर सोडायला लागले.
सुटलेला होताच.