सतरा नंबरचं चाक

आडगावच्या कॉलेजात, मागच्या इमारतीत
रात्रभर उंदरांची चाकं फिरतात.
सकाळी मी आकडे उतरवते :
बाराच्या नऊ हजार फेऱ्या, तेराच्या अकरा हजार,
सतराच्या चाळीस.

सतराचे पाय धड आहेत.
पिंजरा धुताना हातातून निसटतो,
बाहीवरून सरसर खांद्यापर्यंत चढतो.
पण चाकाशी नुसता बसून राहतो,
परक्याच्या दारात बसावं तसा.
एका बाटलीत साखरपाणी, एकीत साधं.
दोन्ही सारखीच उतरली.

वाघचौरे मॅडम म्हणाल्या,
मेंदूच्या मधोमध मोहरीहून बारीक जागा असते,
हॅबेन्युला. म्हणजे छोटासा लगाम.
ती आपण बंद केलीय याची.
मग डबा उघडून त्यांनी मेथीची भाजी खाल्ली.

लगाम सुटला की घोडं उधळतं,
एवढंच ठाऊक होतं मला.

हेमराज गोल्फ क्लबला पहाटे दहा फेऱ्या मारायचा,
थंडीत कान बांधून.
आता पलंगाच्या कडेला असतो, एका पायात मोजा.
आई म्हणते आळस.
मामा म्हणतात लग्न उरकून टाका.
काल चहात साखर घालायची राहिली माझ्याकडून,
त्याने कप संपवला,
विसळून पालथा घातला.

रात्री त्याला सतराचं सांगितलं.
मेंदूचं, मोहरीचं, दोन बाटल्यांचं.
तो भिंतीकडे बघत होता.
ओझरच्या बाजूने एक विमान गेलं.
बऱ्याच वेळाने म्हणाला,
त्याचं चाक काढून तर नाही ना घेतलं?

नाही, म्हटलं.
आहे तिथंच.