दोनचा सात

त्या यंत्रात आठ नाही, नऊ नाही.
शून्य ते सात, चार खिडक्या, चार चाकं,
एवढ्यात आभाळातल्या सगळ्यांची ओळख बसवायची असते.

हरणीच्या टॉवरवर माझी दिवसपाळी. जानेवारी.
रिफायनरीच्या बाजूला पिवळट धुकं,
धावपट्टीच्या कडेला दोन मोर, रोजचेच,
आणि त्यांना हाकलायला निघालेली, तीही रोजचीच, जीप.

फ्लाइंग क्लबचं दोन आसनांचं विमान,
आज एकच आसन भरलेलं:
झंखना अमीन, वय एकोणीस, एकटीची तिसरी फेरी.
मी नंबर दिला, सात पाच एक दोन.
तिने तो स्वच्छ म्हणून दाखवला.
म्हणणं वेगळं, लावणं वेगळं,
हे मला पाढ्यांच्या वयापासून ठाऊक आहे.

उडाली. आजव्याच्या तळ्यावर ठिपका उगवला
आणि त्याच्या अंगावर
दोन पाच शून्य शून्य.
काल संध्याकाळी ज्याने विमान जागेवर लावलं
त्याचा नंबर. धुवून आलेल्या शर्टाच्या खिशात
दुसऱ्याचीच पावती निघावी तसा.

अहमदाबादचा फोन:
"सुरतवाला तुमच्या तळ्यावर काय करतोय?"
सुरतवाला तेव्हा नर्मदेवर होता,
साठ माणसं घेऊन, सरळ,
आज त्याला मिळालेल्या त्याच नंबराने.
वर्गात एका नावाची दोघं असली
की मास्तरांना हवा असतो तो उठतच नाही.

मी दुर्बीण लावली.
उन्हात एक पांढरा कण, डावीकडे वळणारा.
आवाजात जमेल तेवढी मऊ साय घालून म्हटलं,
नंबर तपासा.
ती घाबरली असणार.
घाबरलेलं माणूस वाचतो तसंच लिहितं, डावीकडून.
आधी दोनचा सात केला.

झाले
सात पाच शून्य शून्य.
आमच्या भाषेत: मला पळवून नेत आहेत.

पडदा लाल. एक फोन वाजला,
मग ज्या फोनला डायलच नाही तो वाजला.
तीन सेकंद. शेजारचं आसन रिकामं,
तिच्या मांडीवर नकाशा, नकाशावर पेन्सिल,
आणि आमच्याकडे कुणीतरी
कुलूपबंद कपाटातली जाड फाइल काढत होतं.

चौथ्या सेकंदाला एक, पाचव्याला दोन.
ठिपका पुन्हा हिरवा, भाबडा.
फोन थांबायला मात्र तास लागला.

"किती वेळा सांगितलं, शेवटच्या चाकापासून सुरू कर,"
होशेदार कॅप्टन तिला नाही, विमानाच्या पंखाला म्हणाले.

फॉर्म भरला. सही, नाव: मुजुमदार.
पलीकडचा नवा अधिकारी विचारतो, "तमे बंगाली?"
नाही हो. दांडिया बाजार. चार पिढ्या.
आजोबा संस्थानच्या दप्तरात, हिशेबाच्या वह्यांवर.
तो शब्द एकीकडे गेला, आम्ही दुसरीकडे राहिलो.
तरी दर वर्षी दुर्गापूजेचं आमंत्रण येतं.
दोनदा गेलोही. खिचडी उत्तम होती,
कुणी काही विचारलं नाही,
मीही चाक फिरवलं नाही.

चारच्या सुमारास ती जिना चढून आली,
हातात लीलो चेवड्याचा पुडा, बोटांवर ग्रीस.
माफी पाठ करून आलेली, ती विसरली.
म्हणाली, "सर, मला तर काही कळलंच नाही.
मी आत तीच होते ना."

माझ्या तोंडात चेवडा होता.
मी मान हलवली.
हो की नाही, ते तिने तिचं ठरवलं असेल.

दिवे लागायच्या आधी पडद्याच्या दक्षिण कडेला
एक ठिपका, संथ, बिननंबरचा,
डभोईच्या बाजूला सरकत.
वढवाणा तळ्यावर उतरणारे हंस असतील.
नोंदवही उघडी होती, पेनही हातात.
मी विचारलं नाही.